आठ साक्षीदार आणि एक थेंब

जगातले मोठे शोध विद्वान लोक लावतात, असा एक समज आहे. तो बहुधा विद्वानांनीच पसरवला असावा. निदान डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवजंतूंच्या बाबतीत तरी तो खरा नाही. पाण्याच्या एका थेंबात अख्खं गाव नांदतं, त्यात गर्दी, धावपळ, मारामाऱ्या सगळं असतं, हे ज्या गृहस्थाने पहिल्यांदा पाहिलं तो कापडाचा दुकानदार होता. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा. नाव अँटनी व्हान लेव्हेनहूक. लॅटिन त्याला येत नव्हतं, आणि त्या काळी लॅटिन न येणं म्हणजे आपल्याकडे इंग्रजी न येण्यासारखं होतं. दुकानाच्या जोडीला १६६० पासून त्याला नगरपालिकेत एक नोकरीही होती. पदाचं नाव भारदस्त होतं. काम मात्र सभागृह उघडणं, झाडून ठेवणं, थंडीत शेकोटी पेटवणं आणि सभा संपली की कुलूप लावणं. थोडक्यात, हा आमच्या कॉमर्सच्या बाजूचा माणूस. सायन्सवाल्यांनी त्याला नंतर आपल्यात ओढून घेतला, ही गोष्ट वेगळी.

कापडाच्या व्यापाऱ्याला भिंग लागतं ते धागे मोजायला. आमच्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटच्या बाजारात कापसाचा जुना व्यापारी भिंगाच्या भानगडीत पडत नाही. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतो आणि धाग्याची लांबी सांगून मोकळा होतो. पण या डच व्यापाऱ्याला भिंगाचाच नाद लागला. त्याने स्वतः भिंगं तयार केली, तीही मोठी नव्हे, इवलीशी; कारण भिंग जितकं लहान आणि गोल तितकी वस्तू मोठी दिसते. त्याच्या हातच्या शिल्लक राहिलेल्या एका सूक्ष्मदर्शकातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते. पितळेच्या दोन पट्ट्या, मधे भिंग, पुढे एक टोचणी आणि ती सरकवायला स्क्रू. एवढंच यंत्र. ते डोळ्याला चिकटवायचं आणि उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं.

१६७६ साली त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं, की पाण्यात मला बारीक बारीक प्राणी दिसतात आणि ते चक्क पळतात. रॉयल सोसायटीने ते पत्र वाचलं, आणि अशा पत्रांवर कोणतंही मुख्य कार्यालय जे करतं तेच केलं. खात्री पटवा, म्हणाले. आता खात्री पटवायची कशी? दिसतं ते यातून, आणि यातून एका वेळी एकच डोळा पाहू शकतो! शेवटी १६७७ मध्ये त्याने गावातली आठ प्रतिष्ठित माणसं गोळा केली. त्यात धर्मोपदेशकही होते. प्रत्येकाला थेंब दाखवला आणि "होय, मी स्वतः पाहिले, प्राणी हलत होते" असं लेखी घेऊन लंडनला पाठवून दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात रॉबर्ट हूक याने सोसायटीच्या सभेत तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा कुठे पुराव्याची फाइल बंद झाली.

मला स्वतःला या आठ साक्षीदारांचं फार अप्रूप वाटतं. बँकेत दोन साक्षीदार मिळवताना लोकांची दमछाक होते. याने एका थेंबासाठी आठ मिळवले. पण त्या आठ सह्यांत सूक्ष्मदर्शकाचं सगळं दुखणं आहे. दुर्बीण, चित्र, नाटक, मिरवणूक, काहीही शेजाऱ्याला बोट दाखवून दाखवता येतं. सूक्ष्मदर्शकात बोट घालायला जागा नाही. ज्याने पाहिलं त्याने सांगायचं, आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवायचा. शाळेच्या प्रयोगशाळेत चाळीस मुलांत एक सूक्ष्मदर्शक असतो. ओळीने मुलं डोळा लावतात. "दिसलं?" "दिसलं, सर." त्यातल्या निम्म्यांनी स्वतःची पापणी पाहिलेली असते.

हे दुखणं बरं व्हायला सव्वादोनशे वर्षं लागली. औषध निघालं ते सिनेमाचं. १९०३ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या अल्हाम्ब्रा नाटकगृहात चार्ल्स अर्बन या चित्रपट व्यापाऱ्याने 'न दिसणारं जग' अशा अर्थाच्या नावाखाली काही फिल्म दाखवल्या. फ्रान्सिस मार्टिन डंकन नावाच्या निसर्गप्रेमी माणसाने कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून त्या तयार केल्या होत्या. त्यातली सगळ्यात गाजली ती चीजवरच्या किड्यांची. पोटभर जेवून नाटकगृहात आलेल्या साहेबलोकांनी पडद्यावर पाहिलं, की आपण दुपारी जे चीज खाल्लं त्यावर खेकड्याएवढाले केसाळ प्राणी फिरतायत. चीज विकणारे त्या फिल्मवर खवळले अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, त्या रात्री एक मोठी गोष्ट झाली. नाटकगृहातल्या सगळ्यांनी एकाच वेळी एकच किडा पाहिला. आठ साक्षीदारांचा प्रश्न एका तिकिटात मिटला.

पण किडा मोठा असतो. जंतूचं काम अवघड. पॅरिसचा डॉक्टर ज्याँ कोमाँदाँ याला सिफिलिसचे जंतू हलताना दाखवायचे होते. जंतू म्हणजे मळसूत्रासारखा पिळदार, इतका बारीक आणि पारदर्शक की सरळ उजेडात दिसतच नाही. त्यासाठी उजेड बाजूने टाकतात. आपल्याकडे दुपारी बंद खिडकीच्या फटीतून कवडसा आत येतो आणि त्यात धुळीचे कण चमकतात, तीच युक्ती. एरवी खोलीत धूळ आहे हे घरातल्या बाईलासुद्धा मान्य नसतं. कवडशात ते नाकारता येत नाही. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणारा जंतू दिसायला लागला, पण कॅमेऱ्याला सेकंदाला सोळा चित्रं घ्यायची म्हणजे प्रखर दिवा हवा, आणि प्रखर दिव्याने जंतू भाजून मरणार. मेलेला जंतू हलत नाही, आणि हलला नाही तर फिल्म कशाला? या पेचातून वाट काढायला पाथे बंधूंच्या सिनेमा कंपनीने यंत्रं आणि पैसा दिला, आणि १९०९ च्या ऑक्टोबरात फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पोक्त सभासदांनी पडद्यावर रक्तपेशींच्या मधून सळसळत जाणारे जंतू पाहिले. उजेड हवा पण उष्णता नको, हा तेव्हाचा पेच होता. मे महिन्यात वर्ध्यात राहणाऱ्या प्रत्येक माणसाचा तो आजही आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लंडन-पॅरिसचं झालं, आपल्या मराठी माणसाचं यात काय? आहे, त्याचंही आहे. १९१२ साली त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परत आले. जाण्यासाठी त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवल्या होत्या. त्यामुळे परत आल्यावर चित्रपट काढायचा म्हटलं तर भांडवल कुठून आणायचं? कर्ज देणारा माणूस तारण मागतो. फाळक्यांनी तारण म्हणून वाटाणा दिला. म्हणजे एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. मग ते सलग दाखवलं. पडद्यावर वाटाण्याने डोकं वर काढलं, पानं फुटली, वेल हात पसरत वर चढला, सगळं मिनिटाभरात. 'अंकुराची वाढ' हे त्या फिल्मचं नाव. ती पाहून पैसे देणारा मिळाला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. मराठी माणसाने धंद्यासाठी कर्ज घेतलं, तेही वाटाण्यावर, आणि धंदा उभा करून दाखवला, असं हे दुर्मिळ उदाहरण. कर्ज खात्याच्या भिंतीवर त्या वाटाण्याचा फोटो लावायला हरकत नाही.

फाळक्यांच्या कुंडीत सूक्ष्मदर्शक नव्हता हे कबूल. पण डोळ्यांना न दिसणारी गोष्ट दाखवण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, बारीक असेल तर मोठी करा. दोन, सावकाश असेल तर जलद करा. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा लावणारे लोक आज या दोन्ही तऱ्हा एकत्र वापरतात. दुसरी तऱ्हा फाळक्यांनी कुंडीत करून दाखवली होती, एवढंच माझं म्हणणं.

इथून गाडी वर्ध्याला येते. १९४० साली सेवाग्राम आश्रमात काढलेलं एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिलं असेल. गांधीजी टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावर वाकले आहेत आणि एक डोळा नळीला लावून आत पाहत आहेत. पाहत आहेत ते कुष्ठरोगाचे जंतू. आदल्याच वर्षी परचुरे शास्त्री आश्रमात आले होते. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींच्या बरोबर राहिलेले, आणि अंगावर कुष्ठरोग. त्यांना आश्रमात ठेवून घ्यावं की नाही, इथपासून प्रश्न होता. गांधीजींनी ठेवून घेतलं, झोपडी दिली, आणि स्वतः त्यांच्या जखमा धुवून मालिश करू लागले. सेवा करणारे पुष्कळ असतात. पण ज्याची सेवा करतो त्याच्या अंगातला जंतू कसा दिसतो हे पाहायला सत्तरीचा माणूस टेबलावर वाकतो, हे मला त्या सेवेइतकंच मोठं वाटतं.

कारण त्या काळी कुष्ठरोग म्हणजे गेल्या जन्मीचं पाप, हा हिशेब ठरलेला होता. पापाचं खातं असं असतं, की ते कोणीही तपासू शकत नाही; शिल्लक फक्त सांगितली जाते. १८७३ साली नॉर्वेत हान्सेन नावाच्या डॉक्टरने रोग्याच्या गाठीत काडीसारखे जंतू पाहिले, आणि ते खातं पहिल्यांदा उघडलं. पापाला लांबी-रुंदी नसते, या काड्यांना होती. ज्याला लांबी-रुंदी आहे त्याच्यावर औषध निघू शकतं.

आश्रमातल्या रोजच्या जगण्याची बहुतेक छायाचित्रं काढली ती कनु गांधींनी. हे गांधीजींच्या पुतण्याचे चिरंजीव. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर. फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि या उद्योगाचा खर्च आश्रम देणार नाही. पुढे मला असं लक्षात आलं, की सूक्ष्मदर्शकातून चित्रण करणाऱ्याला निसर्गाने घातलेल्या अटीही याच तीन आहेत. प्रखर उजेड टाकाल तर प्राणी मरतो, "जरा इकडे बघा" म्हणून तो बघत नाही, आणि घरातलं कोणी पैसे देत नाही.

पण त्या छायाचित्राची गंमत अशी, की त्यात आपल्याला दिसतात ते गांधीजी. गांधीजींना दिसलं ते आपल्याला दिसत नाही. पुन्हा तोच डेल्फ्टचा दुकानदार, पुन्हा एक डोळा. फरक एवढाच, की या वेळी एकच साक्षीदार आठांना भारी होता. या माणसाने आत पाहिलं आणि नंतर रोग्याला हात लावला, एवढं लोकांना पुरलं. निदान वर्ध्याला ते पुरलं असं म्हणायला जागा आहे. शेजारच्या दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ सालीच कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं होतं. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण कार्य उभं राहिलं, आणि डॉ. वार्डेकरांनी पद्धत घालून दिली ती अशी: आधी घरोघर जाऊन रोगी शोधा, लोकांना समजावून सांगा, मग औषध द्या. समजावून सांगणं औषधाच्या आधी. १९८० नंतर बहुऔषधी उपचार आले, तेव्हा देशात ज्या जिल्ह्यांपासून सुरुवात झाली त्यात वर्धा होता.

कुष्ठाच्या जंतूची मात्र फिल्म काढण्यात अर्थ नाही. तो जागचा हलत नाही. एकाचे दोन व्हायला त्याला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे सरकारी फाइल त्यामानाने चपळ. शिवाय प्रयोगशाळेतल्या बशीत तो वाढायलाच तयार नसतो. त्याच्यासाठी साधं छायाचित्रच योग्य. फिल्म लागते ती वळवळणाऱ्यासाठी, आणि आमच्या जिल्ह्यात वळवळणाराही आहे. त्याच्याकडे येतो.

त्याआधी यंत्रांचं पुढे काय झालं ते दोन शब्दांत सांगतो. सिनेमाची फिल्म महाग, धुवायला वेळ, आणि काय आलं ते धुतल्यावरच कळायचं. मग व्हिडिओ कॅमेरा आला. १९८१ च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट ॲलन आणि शिन्या इनुए या दोघांनी आपापल्या परीने दाखवून दिलं, की घरच्या टीव्हीला असतो तसा कमी-जास्त करायचा खटका फिरवला तर डोळ्यांना न दिसणाऱ्या वस्तूही पडद्यावर उमटतात. भिंगावरची धूळ, काचेवरचे ओरखडे मधे येत. त्यावर उपाय निघाला वजाबाकीचा. रिकाम्या जागेचं चित्र आधी घेऊन ठेवायचं आणि प्रत्येक नव्या चित्रातून ते वजा करायचं. डाग दोन्हीकडे सारखेच, ते जातात. राहतं ते नवं. हे वाचून माझा ऊर भरून आला. काल संध्याकाळची शिल्लक आणि आज संध्याकाळची शिल्लक यांची वजाबाकी केली की राहतो तो दिवसभराचा व्यवहार, हे आम्ही मंडळी पिढ्यान् पिढ्या करत आलो. त्यासाठी कोणी आमचा सत्कार केला नाही. त्या शास्त्रज्ञांना मात्र या वजाबाकीतून पेशीच्या आतली हमाली दिसली. पेशीत सामानाची ने-आण करणारा कायनेसिन नावाचा हमाल १९८५ मध्ये सापडला, तो याच व्हिडिओच्या जोरावर.

ही वजाबाकी पुढे संगणकावर आली. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेतल्या वेन रासबँड यांनी १९८७ साली चित्रं मोजण्याचा एक प्रोग्राम लिहिला आणि १९९७ मध्ये त्याचा नवा अवतार काढला. त्याचं नाव इमेजजे. जगभरच्या प्रयोगशाळा तो वापरतात आणि तो फुकट आहे. 'फुकट' या शब्दावर माझा व्यवसायामुळे विश्वास नाही. मी अटी तीनदा वाचल्या. खरोखरच फुकट आहे.

आणि यंत्र? यंत्र फिरून मूळ पदावर आलं. मेरठचे मनु प्रकाश अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक आहेत. त्यांनी २०१४ साली फोल्डस्कोप प्रसिद्ध केला. घडी घालायचा कागदी सूक्ष्मदर्शक, सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत, आणि मधे एकच इवलंसं गोल भिंग. म्हणजे तोच डेल्फ्टचा दुकानदार, पितळेऐवजी पुठ्ठ्यात! फक्त आता मागे डोळ्याऐवजी मोबाइल चिकटवता येतो.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण आमची पुतणी. ती लॅब टेक्निशियनचा कोर्स करते आणि आमच्याकडे राहते. तिने जुना सूक्ष्मदर्शक विकत आणला आणि आमच्या जेवणाच्या टेबलाची प्रयोगशाळा झाली. सामान पाहाल तर हसाल. नळीला मोबाइल धरून ठेवणारा एक चिमटा. तो नव्हता तेव्हा पुठ्ठ्याची नळी आणि चिकटपट्टी होती, आणि चित्र दोन्हीत सारखंच येतं. मोबाइलची भिंग आणि नळीची भिंग एका रेषेत यायला हवी, केसभर हलली की पडद्यावर अर्धी अमावस्या. एलईडीचा दिवा, कारण तो तापत नाही. कोमाँदाँला हा मिळाला असता तर त्याचं निम्मं काम वाचलं असतं. पातळ काच थेंबावर ठेवून तिच्या कडांना व्हॅसलीन, कारण आमच्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि उघडा थेंब बघता बघता आटतो. मोबाइलला 'आता फोकस आणि उजेड तुझा तू बदलू नकोस' असं दटावून ठेवायचं. सूक्ष्मदर्शकाखालची उजेडाची झडप थोडी बंद करायची. उजेड कमी झाला की पारदर्शक प्राण्याच्या कडा उठून दिसतात. चित्र उजळ नको, स्पष्ट हवं.

सगळ्यात कठीण काम कूलर बंद करण्याचं. विदर्भातला कूलर म्हणजे खिडकीत बसवलेली पिठाची गिरणी. तो चालू असताना टेबल थरथरतं आणि टेबलाची एका केसाएवढी थरथर पडद्यावर भूकंप होऊन येते. म्हणून चित्रणाच्या वेळी घोषणा होते, "काका, कूलर!" आणि घरातली सगळी माणसं अर्धं मिनिट घामाघूम होऊन विज्ञानाची सेवा करतात. आमच्या सौभाग्यवतीने विचारलंही, "हे प्राणी हिवाळ्यात नसतात का?"

पहिला थेंब त्याच कूलरच्या टाकीतला होता. त्यात चपलेच्या आकाराचे पॅरामिशियम होते. ते इतके जोरात पळतात की पडद्यावर एका टोकाला उगवून दुसऱ्या टोकाला मावळतात. त्यांना अडवायला पुतणीने थेंबात कापसाचे दोन-तीन तंतू टाकले. त्या जंगलात ते अडखळले आणि पोटातली धडधड निवांत दाखवू लागले. देठावर घंटेसारखा बसलेला व्होर्टिसेला होता. त्याचा देठ स्प्रिंगसारखा खटकन मिटतो आणि सावकाश उलगडतो. पुन्हा पुन्हा तेच. मी तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. सौभाग्यवतीने एकदाच पाहिला आणि टाकी घासायला काढली.

आता वळवळणाऱ्याकडे. वर्धा जिल्ह्यात हत्तीपायाचा रोग आहे. त्या रोगाच्या निदानावर सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुष्कळ वर्षं संशोधन झालं. या रोगाच्या कृमीची पिल्लं रक्तात फिरतात. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, जाडी एका तांबड्या पेशीएवढी. कलकत्त्याला १८७२ साली टिमथी लुईस यांनी ती माणसाच्या रक्तात पाहिली, आणि डासांशी त्यांचा संबंध १८७७ मध्ये चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी शोधला. ही पिल्लं वेळेची पक्की. दिवसा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात, आणि रात्री, गटारातला तो क्युलेक्स डास चावायला निघतो त्याच सुमारास, अंगभर फिरायला येतात. म्हणून रक्त रात्री घ्यावं लागतं. आणि वाईट असं, की ज्याच्या रक्तात ती आहेत त्याला वर्षानुवर्षं काहीच होत नाही. पाय सुजला की मग तो पूर्ववत होणं कठीण. त्यामुळे मोहिमेत घरोघर गोळ्या वाटतात, धडधाकट माणसांनाही, आणि समोर गिळायला सांगतात.

आमच्या शेजारी निवृत्त गणित शिक्षक राहतात. गोळ्या घेऊन येणाऱ्या बाईंना ते दर वेळी सिद्धता मागतात. "मले काय झालं आहे? पाय पाहा. सूज दिसते का? मंग गोळी काऊन खाऊ?" गोळी घेऊन देवघरात ठेवायची, असा त्यांचा मधला मार्ग. देवघरात गेल्या काही वर्षांच्या गोळ्या जमल्या होत्या. बाई बिचाऱ्या निघून जायच्या. पुतणी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेली, सोबत मी. तिच्या मोबाइलमध्ये कॉलेजात चित्रित केलेला पंधरा सेकंदांचा व्हिडिओ होता. ताज्या रक्ताचा थेंब. कोणाचं रक्त ते तिने मलाही सांगितलं नाही, आणि ते विचारायचं नसतं, खात्यातल्या शिल्लकेसारखंच.

गुरुजींनी चष्मा वर केला. पडद्यावर तांबड्या पेशींची गर्दी होती. एकाएकी ती गर्दी एका जागी हलायला लागली, जत्रेत कोणी धक्के मारत घुसावा तशी. मधून काचेच्या दोऱ्यासारखं काहीतरी वळवळलं, पेशी दोन्ही बाजूंना उडाल्या, दोरा गुंडाळला, पुन्हा सरळ झाला.

"हे जितं आहे?"

"जितं आहे, आजोबा. म्हणूनच व्हिडिओ काढला. रंग दिलेल्या पट्टीवर ते मेलेलं असतं, नुसती रेघ दिसते. आफ्रिकेत कॅमेरूनला तर अशाच एका कृमीसाठी मोबाइलचं यंत्र केलंय, २०१५ सालचं. ते आकार बघतच नाही. पेशी कुठे कुठे हलल्या तेवढं मोजतं, आणि दोन-तीन मिनिटांत किती कृमी ते सांगतं."

"म्हणजे दोन चित्रांतला फरक काढते," गुरुजी म्हणाले. गणित आल्यावर त्यांचा आवाज बदलला. मग थोडा वेळ कोणी बोललं नाही. "ज्याचं रक्त आहे, त्याचे पाय?"

"तुमच्यासारखेच. चांगले."

गुरुजींनी व्हिडिओ आणखी दोनदा पाहिला. मोहीम चालूच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना स्वतः हाक मारली, जेवण झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्या समोर गोळ्या गिळल्या. देवघरातल्या जुन्या गोळ्या बाई परत घेऊन गेल्या.

इथे हा लेख संपायला हवा होता. पण गुरुजींनी तो व्हिडिओ मागून घेतला आणि लोककल्याणाच्या भावनेने चार जणांना पाठवला. चौथ्या दिवशी तो मलाच परत आला, खाली मजकूर: "सावधान! शहराच्या नळाच्या पाण्यात सापाची पिल्लं! दहा जणांना पाठवा." कोणतं शहर ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे तो सगळ्याच शहरांत चालला असणार.

गुरुजी संतापले. "मी रक्त म्हणून पाठवलं, याईनं पाणी केलं!" मला मात्र तो डेल्फ्टचा दुकानदार आठवला. त्याच्याकडे साक्षीदार होते, चित्र हलत नव्हतं. आमच्याकडे चित्र हलतं, साक्षीदार नाहीत. हे काय आहे, कुठलं आहे, केवढं आहे, हे सांगणारं कोणीतरी उभं राहावंच लागतं. गुरुजींनी गोळी गिळली ती नुसता व्हिडिओ पाहून नव्हे. शेजारची पोर, हातात मोबाइल घेऊन, समोर बसून सांगत होती म्हणून.

तेव्हापासून पुतणीने नियम केला आहे. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला दोन सेकंद पाटी: काय आहे, कुठे घेतलं, तारीख, आणि चित्रावर कायमची एक आडवी रेघ, अमुक भाग म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. 'चारशे पट मोठं' असं लिहायचं नाही, कारण मोबाइलवर चारशे पट असलेलं टीव्हीवर कितीही पट होतं. रेघ मात्र चित्राबरोबरच वाढते आणि खरं बोलते. ती रेघ बेतायला तिने माझी प्लास्टिकची पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली होती. तिच्या मिलिमीटरच्या खुणा आतून इतक्या ओबडधोबड दिसल्या, की तिने दुसऱ्याच दिवशी कॉलेजातून बारीक खुणांची काचपट्टी मागून आणली. माझी पट्टी मी अजूनही लेजरवर वापरतो. लेजरला कळत नाही.

पाटी पाहून गुरुजी म्हणाले, "सगळं ठीक आहे, पण खाली सही पाहिजे. पाहिलं कोणी?" मी त्यांना १६७७ सालची आठ माणसांची गोष्ट सांगितली. ती त्यांना फार आवडली. त्यांनी पेन काढलं, पुतणीच्या वहीत त्या व्हिडिओच्या नोंदीखाली एक ते आठ आकडे मांडले, आणि एकच्या पुढे, "स्वतः पाहिले, हलत होते" असं लिहून खाली वळणदार सही केली.

सात जागा अजून रिकाम्या आहेत. वर्ध्याला आलात तर कळवा. तेवढा वेळ कूलर बंद ठेवू.